वंचकाला दोष देण्याआधी तळ्याची खोली मोजा

पत्राचा सारांश: सिंधुदुर्गातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. घर कुडाळच्या पलीकडे, मागे कलमांची बाग, पुढे अंगण. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या मुलाने नातीसाठी अंगणात चिऱ्याचं लहानसं तळं बांधून घेतलं. आठ फूट लांब, सहा फूट रुंद, दीड फूट खोल. त्यात कोई आणि गोल्डफिश सोडले, नातीने एकेकाला नावं दिली. दिवाळीनंतर मासे कमी होऊ लागले. रोज सकाळी एक वंचक, म्हणजे भुरा बगळा, काठावर उभा असतो. मधल्या काळात दोन मासे सकाळी अख्खेच तरंगताना मिळाले. मुलाने ऑनलाइन प्लास्टिकचा बगळा आणि नायलॉनचं बारीक जाळं पाठवलं. बगळ्याचा उपयोग झाला नाही आणि जाळ्यात एके दिवशी दिवड, म्हणजे पाणसाप, अडकलं. ताईंनी भाजी कापायच्या कात्रीने एकेक धागा कापून ते सोडवलं. शेजारी म्हणतात, छऱ्याची बंदूक देतो, एकदा उडवा म्हणजे पुन्हा येणार नाही. यजमानांनाही ते पटायला लागलंय. नात फोनवर रोज विचारते, "आजी, आज कितीजण आहेत?" ताई लिहितात, "मला पाखरंही हवीत आणि मासेही. हे मागणं चुकीचं आहे का? की तळं बुजवूनच टाकू?"

ताई,

तळं बुजवू नका. आणि बंदूक शेजाऱ्यांकडेच राहू द्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे वंचक, खंड्या, दिवड या सगळ्यांना संरक्षण आहे. त्यांना मारणं हा गुन्हा आहे, आपल्या अंगणात केला तरी. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं, कारण एक वंचक मेला म्हणून जागा रिकामी राहत नाही. तळं तसंच राहिलं तर दुसरा येईल.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा वाचली. दोन मासे सकाळी अख्खे तरंगत होते, अंगावर खूण नव्हती, असं तुम्ही लिहिलंय. ताई, हे मासे वंचकाने मारलेले नाहीत. वंचक मासा उचलतो आणि गिळतो. गिळण्याजोगा नसला तर पाठीवर चोचीची भोसकल्यासारखी जखम राहते. अख्खा, बिनजखमेचा मासा पहाटे तरंगतो तेव्हा बहुतेक वेळा दोष पाण्यात असतो. रात्रभर पाण्यातली झाडं, शेवाळ आणि मासे सगळेच प्राणवायू वापरतात, सूर्य नसल्याने नवा तयार होत नाही, आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. पाणी तापलेलं असेल तर मुळातच त्यात प्राणवायू कमी मावतो. तुमच्या तळ्यात दोन हजार लिटरच्या आसपास पाणी आहे. उन्हाची तिरीप लागली की एवढं पाणी लवकर तापतं.

दुसरी शक्यता मला जास्त काळजीची वाटते. घरामागे कलमं आहेत म्हणता. मोहोर आला की तुडतुड्यांसाठी फवारणी होते, आणि ती नेमकी दिवाळीनंतरच्या याच महिन्यांत. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन या जातीची औषधं माशांना अत्यंत घातक असतात, अगदी थोड्या मात्रेतही. वाऱ्यावर आलेला तुषार किंवा पंप धुतलेलं पाणी एवढंही पुरतं. ते दोन मासे कोणत्या दिवशी मेले आणि तुमच्याकडे किंवा शेजारच्या बागेत फवारणी कधी झाली, हे यजमानांना आठवून पाहायला सांगा. जुळलं तर पुढच्या वेळी फवारणीच्या दिवशी तळ्यावर ताडपत्री घाला, आणि पंप तळ्यापासून लांब, पाणी तिकडे वाहत येणार नाही अशा जागी धुवा. बंदुकीने यातलं काहीच सुटणार नव्हतं.

उरलेले मासे मात्र कोणी तरी नेतंय, हे खरं. पण नेणारा एकच आहे असं आपण सहज धरून चालतो, कारण वंचक दिवसाउजेडी उभा असतो आणि आपल्याला दिसतो. जे दिसत नाहीत त्यांचाही विचार करू. संध्याकाळी आणि रात्री रातबगळा येतो, अंधारात 'क्वॉक' असा आवाज करत उडतो तो. खंड्या वरच्या फांदीवरून किंवा विजेच्या तारेवरून सूर मारतो आणि बोटभर मासेच नेतो, म्हणजे लहानच तेवढे कमी होत असतील तर त्याच्या बसायच्या जागेखाली पांढरी विष्ठा आणि काट्यांचे बारीक गोळे दिसतात का पाहा. मांजर मासा काठावर आणून खातं, तिथे खवले आणि अर्धं धड राहतं. दिवड काहीच मागे ठेवत नाही. आणि घर ओहोळाच्या किंवा नदीच्या जवळ असेल, तर ऊद (पाणमांजर) एका रात्रीत मोठे मासेही संपवतो. त्याची विष्ठा खवल्यांनी आणि कुर्ल्यांच्या कवचांनी भरलेली असते, वास माशाचा.

हे ओळखायला महागडा कॅमेरा लागत नाही. निजण्यापूर्वी तळ्याच्या चारी बाजूंना हातभर पट्ट्यात चुलीतली चाळलेली राख किंवा रांगोळी पसरा. सकाळी झाडण्यापूर्वी पाहा. बगळ्याचे तीन लांब बोटांचे पुढे आणि एक मागे असे ठसे, मांजराचे गोल नखांशिवायचे, दिवडाची नागमोडी रेघ, हे सगळं अगदी स्वच्छ उमटतं. काही रात्री सलग केलंत की चित्र स्पष्ट होईल. नातीला त्याचे फोटो पाठवा. "आज कितीजण आहेत" या प्रश्नाच्या जोडीला "काल रात्री कोण आलं होतं" हा प्रश्न तिला मिळेल, आणि मला वाटतं तो तिला जास्त आवडेल.

आता वंचकाबद्दल. तो नेमका दिवाळीनंतरच का आला? पावसात त्याला तुमच्या तळ्याची गरज नसते. वाफ्यांत पाणी असतं, बेडूक, कुर्ल्या, चढणीचे मासे सगळीकडे असतात, आणि त्याच दिवसांत त्याची वीण असते. भात कापून झालं की शेतं सुकतात, ओहोळ आटतात. मग परिसरात उथळ, स्थिर पाणी कुठे उरतं? तुमच्या अंगणात. त्यात लाल-पांढरे मासे. कोई मासे मुळात जपानच्या निगाता भागात, शेतकऱ्यांनी रंगासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केलेले, वरून पाहिले की उठून दिसावेत म्हणून. वरून पाहणारा प्रत्येक जण त्यांना पाहतो. दीड फूट पाणी, उतरता काठ, लपायला जागा नाही: त्या पक्ष्यासाठी हे वाढलेलं ताट आहे. तो वाईट वागलेला नाही, आणि तुम्हीही नाही. तळं मात्र चुकीचं बांधलं गेलंय.

एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. मासे माणसाला ओळखायला शिकतात. काठावर आकृती दिसली की खाणं मिळतं, हे त्यांना नातीने आणि तुम्हीच प्रेमाने शिकवलंय. वंचक काठावर उभा राहतो तेव्हाही ते वर येतात. म्हणून काठाशी खाणं टाकणं बंद करा. मधोमध, सर्वांत खोल जागी टाका. एखादी तरंगणारी कडी करून तिला दगडाने नांगर लावला तर खाणं तिथेच राहतं. मासे मध्यावर वर येऊ लागतील, काठाची सवय हळूहळू मोडेल.

आपल्याकडच्या जुन्या विहिरी आठवा. विहिरीत मासे सोडायची पद्धत कोकणात होती, आणि वंचक तिथून मासे नेतो असं फारसं कोणी सांगत नाही. त्याला उभं राहायला जागाच नसते. भिंत सरळ, पाणी खोल, आणि पाण्याची पातळी काठापासून खाली. खंड्या मात्र तिथेही जातो, पण त्याचा घास लहान असतो. तुमच्या तळ्यात आपल्याला हेच करायचंय.

खाली खणण्याची गरज नाही. भिंत वर घ्या. चिऱ्याचे तीन थर चढवले की पाणी अडीच फुटांपर्यंत भरता येईल आणि तरी वरचा काठ पाण्याच्या वर वीतभर, जमल्यास थोडा जास्तच, राहील. काठावर उभ्या वंचकाची चोच मग पाण्यात सहज पोचत नाही. आतून भिंत सरळ हवी, पायऱ्या किंवा उतार नको. वाढलेल्या पाण्याचा दाब बाहेर येतो, तेव्हा हे काम गवंड्याकडून, आतून नीट गिलावा करून घ्या. याचा आणखी एक फायदा असा की पहिल्या पावसात अंगणातलं गढूळ पाणी आणि बागेतून वाहून आलेलं औषध तळ्यात शिरणार नाही. खोल पाणी उन्हाळ्यात तळाशी थंडही राहतं.

पण ताई, इथे मी थांबते. अडीच फूट पाणी, सरळ भिंत आणि सुट्टीत येणारी लहान नात. लहान मूल अगदी थोड्या पाण्यातही बुडतं आणि आवाज होत नाही. वंचकाला चढता-उतरता येणार नाही असं तळं मुलालाही बाहेर पडू देत नाही. म्हणून खोली वाढवायची तर वर लोखंडी चौकट हवीच, हे मी सुचवत नाही, आग्रहाने सांगते. कोनाच्या लोखंडाची चौकट, त्यावर गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश, एक इंची चौकोनाची, आणि मधे आधाराचा पाइप. मूल त्यावर पडलं तरी वाकणार नाही इतकी ती जाड हवी. ती भिंतीवर टेकवून एका बाजूला बिजागऱ्या, दुसऱ्या बाजूला कडी आणि कुलूप. जाळी पाण्यापासून वीतभर वर असावी, म्हणजे वर बसलेल्या पक्ष्याची चोच पोचत नाही. खंड्या, रातबगळा आणि मांजर यांचाही प्रश्न यातच मिटतो. दिसायला ते जाळीचं तळं होईल, हे मला मान्य आहे. काळा रंग दिला की पाण्यावर डोळा लवकर सरावतो.

एका कोपऱ्यात काठ आणि जाळी यांच्यामध्ये दोन बोटं फट ठेवा आणि आत एक तिरकी फळी टाका. बेडूक, चतुर, चुकून पडलेली खार यांना बाहेर पडायला वाट हवी. त्या फटीतून दिवडही येईल. येऊ द्या. दिवड एखादा मासा नेईल, बेडूकही नेईल. आपल्याला तेवढं सोसता येईल असं मला वाटतं.

नायलॉनचं जाळं मात्र आजच काढा, उद्यासुद्धा नाही. तुम्ही ते दिवड कात्रीने सोडवलंत हे वाचून मला फार बरं वाटलं, पण काळजीही वाटली. बारीक जाळ्यात साप पुढे शिरू शकतो, मागे निघू शकत नाही, धागे खवल्यांत रुततात. अशा जाळ्यात अडकून सापच नव्हे, खंड्ये आणि वंचकही मरतात, आणि जे सुटतात ते पायाला किंवा पंखाला धागा घेऊन जातात. दिवड बिनविषारी आहे, पण चिडला की चावतो, आणि पाण्याच्या काठी आढळणारा प्रत्येक साप दिवडच असेल असं नाही. बेडकांमागे नागही येतो. चिऱ्यांच्या फटीत फुरसं असू शकतं, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून काठाजवळ रात्री जायचं तर बॅटरी घेऊनच, आणि फटीत हात कधीच घालायचा नाही. पुन्हा साप अडकला किंवा घरात शिरला तर गावातल्या सर्पमित्रांना किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

प्लास्टिकचा बगळाही काढून टाका. पक्षी दोन-चार दिवसांत ओळखतात की हा हलत नाही. उलट, आपल्यासारखा कोणी निवांत उभा आहे म्हणजे जागा बरी, असंही त्यांना वाटू शकतं. सीडी टांगणं, चमकत्या फिती, बुजगावणं यांचंही तेच. रोज जागा बदलली तर काही दिवस गुण येतो, मग तोही नाही.

चौकट आणि भिंत होईपर्यंत काय करायचं, तर दोन गोष्टी. काठापासून फूटभर अंतरावर खुंट्या रोवून काथ्याच्या जाड दोरीचे दोन पदर बांधा, एक जमिनीपासून वीतभर, दुसरा दीड वीत. वंचक बऱ्याचदा उडत येऊन काठावर नाही, बाजूला उतरतो आणि चालत पाण्याकडे जातो. पायात दोरी आली की तो बिचकतो. तंगूस, म्हणजे मासे धरायची नायलॉनची बारीक दोरी, वापरू नका, ती दिसत नाही आणि कापते. आणि पाण्यात लपायला जागा द्या. सहा इंची पाइपचे हातभर तुकडे, उपडी कुंडी, किंवा फटी ठेवून रचलेले चिरे. कुमुदिनीच्या दोन कुंड्या सोडा, पानांनी अर्धं पाणी झाकलं की पुरे. कोई माती उकरतात, म्हणून कुंडीवर गोटे पसरा. जलपर्णी मात्र कोणी दिली तरी घेऊ नका, ती पाण्यावर चादर घालते आणि पहाटे प्राणवायूची अडचण वाढवते.

तुम्ही विचारलंत, पाखरं आणि मासे दोन्ही मागणं चुकीचं आहे का. नाही. पण दोन्ही एकाच पाण्यात, उघड्यावर मागणं अवघड आहे. मला विचाराल तर दोन पाणी करा. नातीचे कोई चौकटीखाली, खोल पाण्यात. आणि बागेच्या कडेला, कलमांपासून लांब, एक उथळ, उघडा डबका, जुन्या टबचा किंवा खड्ड्यात ताडपत्री टाकून केलेला. त्यात ओहोळातले ते डोक्यावर चकाकता ठिपका असलेले बोटभर मासे सोडा, जे पाण्याच्या वरच्या थरात राहतात आणि डासांच्या अळ्या खातात. वंचक तिथे जाईल. त्याचा घास तिथला असेल, आणि तो तिथे उभा असताना तुम्ही त्याला निवांत पाहू शकाल. वीण काळात त्याच्या पाठीवर गडद तांबूस रंग चढतो, तो जवळून पाहण्यासारखा असतो. पाण्याची वाट असेल तिथे कोई किंवा गोल्डफिश कधी सोडू नका, पावसात डबका भरून वाहिला तर ते ओहोळात जातील. परकी जात पाण्यात रुजली की निघत नाही, उजनी धरणात चिलापी (तिलापिया) माशाचं काय झालंय ते भीमेकाठच्या कोळ्यांना विचारा.

आणखी एक, जरा नाजूक. तुमच्या पत्रात कोई आणि गोल्डफिश मिळून दहा-बाराजण होते असं दिसतं. पूर्ण वाढलेला कोई दोन फुटांपर्यंत जातो. दोन हजार लिटर पाण्यात तसे दोन-तीन बरे राहतील, बाकीच्यांचे हाल होणारच होते. मुलाला हे दुकानदाराने सांगितलं नसेल, त्याचा त्यात दोष नाही. पण कमी झालेले मासे सगळेच कोणी तरी हिरावून नेले असं मानू नका. तळ्याला पेलवेल एवढेच आता घ्या, आणि लहान पिल्लं लगेच मोठ्या पाण्यात न सोडता झाकण असलेल्या टाकीत वितीएवढी होऊ द्या. तेवढा मासा वंचकाला गिळता येत नाही.

नातीचं सांगायचं राहिलं. तिला "वंचकाने खाल्ले" एवढंच सांगितलं तर तो तिच्या मनात चोर होईल. तिला खरं सगळंच सांगा: काही वंचकाने नेले, दोन पाण्यामुळे किंवा औषधामुळे गेले, आणि आपण तळं उथळ केलं होतं. मुलांना हे पेलतं. तिने नाव दिलेले मासे गेलेत, तिला रडू आलं तर रडू द्या, "नवे आणू" असं लगेच म्हणू नका.

मे महिन्यात ती आली की नवे मासे आणावेत का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. तोपर्यंत भिंत आणि चौकट झाली नसेल, तर नाही. झाली असेल, तर पाणी भरून दोन-तीन आठवडे तसंच ठेवा. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि तो माशांना सोसत नाही, म्हणून ते पाणी दोनदा बदला. मग तिला घेऊन दुकानात जा आणि तीनच मासे निवडायला सांगा. त्या दिवशी पहाटे किंवा संध्याकाळी आणा, पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, आणि बागेत फवारणी झालेली नाही एवढी खात्री आधी यजमानांकडून करून घ्या.